डोस वाढवण्याआधी पोट पाहा: कोकणातल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय: इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची इंजेक्शनची जागा, सिरिंज आणि बाटली तपासल्याशिवाय डोस न वाढवण्याबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

शुगरच्या तपासणीचा दिवस कसा जातो ते आपल्याला सांगायला नको. बाहेर रांग, आत एक डॉक्टर. उपाशीपोटीची शुगर २४० आली. मागच्या महिन्यात ३०/७० इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के सावकाश काम करणारं मिश्रण) सकाळी २० आणि संध्याकाळी १२ युनिट होतं, आज केसपेपरवर २४ आणि १६ लिहिलं गेलं. पुढच्या खेपेला २८ आणि २०. सोबत ‘भात कमी करा’ हा सल्ला, की पुढचा नंबर. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा आहे असं आम्ही म्हणत नाही. हातात एक आकडा असला तर उत्तरही आकड्यातच सुचतं. पण लिहिलेलं इन्सुलिन कातडीखाली नीट पोचतं का, हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नसतो, आणि आमच्या मते घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

शेजारच्या गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक, हे आयसीएमआर-इंडियाब पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं आणि त्याची भरपूर चर्चा झाली. इंजेक्शन घेण्याच्या पद्धतीवरचं संशोधन मात्र डॉक्टरांच्या नियतकालिकांतच राहिलं. अँडर्स फ्रिड, केनेथ स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ देशांतल्या १३,२८९ रुग्णांची माहिती गोळा केली, ऑक्टोबर २०१५ मध्ये रोमला ५४ देशांतले १८३ तज्ज्ञ त्यावर बसले, आणि शिफारशी २०१६ मध्ये ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’मध्ये छापून आल्या. भारतापुरत्या शिफारशी २०१७ मध्ये आल्या. या कामामागे सुया बनवणाऱ्या कंपनीचं पाठबळ होतं, तेव्हा ‘दर वेळी नवी सुई’ हे वाक्य वाचताना ते ध्यानात ठेवावं. पोटावरची गाठ मात्र कुणाच्याही बोटाला लागते, तिला कंपनीची साक्ष लागत नाही.

त्या गाठीबद्दलच आधी लिहितो. एकाच जागी महिनोन् महिने इन्सुलिन टोचलं की तिथली चरबी फुगते, रबरासारखी घट्ट होते. तिथे सुई कमी दुखते, म्हणून रुग्ण पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठ वाढत जाते. स्पेनमधल्या ४३० रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६४.४ टक्के रुग्णांना अशा गाठी होत्या. जे जागा नीट बदलत होते त्यांच्यात हे प्रमाण फक्त ५ टक्के. गाठी असलेल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट लागत होते, नसलेल्यांना ४१. गाठवाल्यांपैकी ३९ टक्क्यांना कारण न कळता शुगर एकदम उतरण्याचा त्रास होता. गाठीतलं इन्सुलिन कातळावरच्या पावसासारखं: कधी साचून राहतं, कधी एकदम वाहून जातं. म्हणून एके दिवशी ३०० आणि दुसऱ्या दिवशी ६०, आणि बोल लागतो फणसाला. १३ रुग्णांवर मोजून केलेल्या आणखी एका अभ्यासात, गाठीत टोचल्यावर जेवणानंतरची शुगर चांगल्या जागी टोचल्यापेक्षा २६ टक्के किंवा त्याहून जास्त चढलेली दिसली.

आता हिशेब पाहा. स्पेनचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण दिवसाला १५ युनिट म्हणजे महिन्याला ४५०. आपल्याकडची ४० युनिट ताकदीची १० मिलीची बाटली ४०० युनिटांची. म्हणजे एका रुग्णामागे महिन्याला एक बाटली जाऊन वर थोडी, आणि तीही गाठ पोसायला. औषधभांडारात टंचाई असेल तेव्हा हा हिशेब आठवावा.

तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि त्याला डॉक्टरच हवेत असं नाही. नर्स किंवा उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात. रुग्णाला आधी उभं करून, उजेड बाजूने पडेल असं पोट पाहायचं. समोरच्या ट्यूबलाइटमध्ये फुगवटा दिसत नाही, खिडकीच्या तिरप्या उजेडात दिसतो. मग झोपवून, बोटांना साबणाचं पाणी किंवा जेल लावून, चांगल्या कातडीकडून टोचण्याच्या जागेकडे बोटं गोल फिरवत न्यायची. कोरड्या बोटांना लहान गाठ चुकते. शंका असेल तिथे चिमूट घ्यायची: चांगली कातडी पातळ उचलली जाते, गाठ जाडच राहते. सापडलेल्या गाठीभोवती रुग्णाला विचारून पेनाने वर्तुळ काढायचं आणि त्याचं बोट तिच्यावर ठेवायचं. भिंतीवरचं पोस्टर हे काम करत नाही. बायकांसाठी पडदा आणि नर्सताई हव्यातच. ओपीडीच्या टेबलाशी कुणी लुगड्याची गाठ सैल करणार नाही, आणि तपासणी ‘झाली’ म्हणून लिहिली जाईल.

गाठ सापडली की पुढची पायरी सगळ्यांत नाजूक, आणि अर्धवट प्रशिक्षण धोक्याचं ठरतं ते इथेच. ‘आता दुसरीकडे टोचा’ एवढंच सांगून रुग्णाला घरी पाठवलं, तर तोच वाढवत नेलेला डोस चांगल्या कातडीतून पूर्ण ताकदीने चढतो आणि मध्यरात्री शुगर ५० वर येते. जागा बदलतानाच डोस कमी करावा लागतो, बऱ्याचदा २० टक्क्यांच्या आसपास, कुणाचा त्याहून जास्त. तो आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. पुढचे दोन आठवडे उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी ग्लुकोमीटरवर शुगर पाहायची. पट्ट्या परवडत नसतील तर आशाताईंकडच्या मीटरवर निदान दिवसाआड.

शुगर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. साखर घातलेलं कोकम सरबत चालेल. खोबऱ्याची वडी चालणार नाही, नारळातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. अकार्बोजची (साखर पचायला उशीर लावणारी मधुमेहाची) गोळी चालू असेल तर साखरही कामाची नाही, ग्लुकोजची पूडच हवी. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. सरळ १०८ ला फोन.

गाठ विरायला महिने लागतात. तोवर तिच्याकडे फिरकायचं नाही. पोटाचे चार भाग करायचे, नाभीपासून दोन बोटं सोडून, आणि एका आठवड्याला एक भाग, घड्याळाच्या दिशेने. एका टोचण्यापासून पुढचं बोटभर अंतरावर. ३०/७० असेल तर सकाळचं पोटात आणि संध्याकाळचं मांडीत, ही शिफारस सांगायला सोपी आणि पाळायलाही.

सुईच्या लांबीबाबत गैरसमज फार. माणूस जाड असो की बारीक, टोचण्याच्या जागी कातडीची जाडी दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपासच असते. म्हणून इन्सुलिन-पेनाची (काडतूस घालून टोचायचं पेनासारखं साधन) ४ मिमीची सुई सरळ उभी टोचली तरी बहुतेकांना पुरते. सिरिंजची सुई ६ किंवा ८ मिमीची. ती काटक माणसाच्या मांडीत चिमूट न घेता टोचली तर स्नायूत जाते, आणि स्नायू कामाला लागला की इन्सुलिन भराभर चढतं. टोचून लगेच भाताच्या लावणीला किंवा जाळं ओढायला जाणाऱ्याची शुगर अशीच अचानक पडते. अंगठा आणि तर्जनीने चिमूट धरायची, औषध पूर्ण आत जाईपर्यंत सोडायची नाही. पेन असेल तर बटण दाबून दहा आकडे मोजायचे, मगच सुई बाहेर.

सिरिंजची अदलाबदल ही गाठीपेक्षा कमी दिसते, पण जिवावर बेतू शकते. बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलीत ४० युनिटांचं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनाच्या काडतुसातलं १०० युनिटांचं, त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. शुगर चढते, डोस वाढतो, आणि कधीतरी दुकानात योग्य सिरिंज मिळाली की तोच वाढीव डोस पुरता लागू होतो. उलटं झालं तर पाहायलाच नको: १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने ‘२०’ पर्यंत ओढलं की ते ५० युनिट होतात.

कोकणात याची वेळही ठरलेली आहे. गणपतीला चाकरमानी घरी येतात, मुंबईचं पेन बिघडतं किंवा सुया संपतात, मग घरातल्या सिरिंजने काडतुसातून औषध ओढलं जातं. काडतुसात सिरिंज घालायचीच नाही, हे गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रत्येक उपकेंद्राने आणि प्रत्येक मेडिकलवाल्याने गिऱ्हाइकाला बजावायला हवं. पेन बिघडलं तर ४० ची बाटली, तिचीच सिरिंज आणि नव्याने लिहून घेतलेली चिठ्ठी. युनिट तेवढेच, मिली वेगळे, हे समोर भरून दाखवल्याशिवाय पटत नाही.

३०/७० चं दुधाळ औषध हलवून घेण्याबद्दल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला होता. १०९ रुग्णांच्या पेनांत नीट न ढवळल्यामुळे एनपीएच इन्सुलिनचं, म्हणजे त्यातल्या सावकाश काम करणाऱ्या भागाचं, प्रमाण हवं त्याच्या ५ टक्क्यांपासून २१४ टक्क्यांपर्यंत निघालं. बाटली झटकायची नाही, फेस येतो आणि सिरिंजमध्ये बुडबुडे जातात. तळहातांत दहा वेळा लाटायची, दहा वेळा उलटीपालटी करायची, तळाला पांढरं राहिलं नाही ना ते पाहायचं. आणि हे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. रुग्णालयात टोचून घेऊन एसटीची वाट पाहत स्टँडवर उपाशी बसणाऱ्यांसाठी ही सूचना उलटी करून द्यावी लागते: जेवण कधी मिळणार ते आधी विचारा.

आता साठवण. सगळीकडे एकच सूचना छापलेली असते, ‘फ्रिजमध्ये ठेवा’. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी काय करावं, ते तिथे नसतं, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना कुठे ठेवावं ते नसतं. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली बाटली गोठते. एकदा गोठलेलं इन्सुलिन पातळ झालं तरी फेकून द्यायचं. दुधाळ असेल तर भिंतीला कण चिकटलेले दिसतात, पण पाण्यासारखं साधं इन्सुलिन गोठून बिघडलं तरी चांगलंच दिसू शकतं. दाराचा खण किंवा भाजीच्या कप्प्यावरची फळी बरी.

उघडलेल्या बाटलीला फ्रिजची गरजही नसते. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या संशोधकांनी केनियातल्या दगाहाले निर्वासित छावणीतलं तापमान मोजून, २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन तपासलं. थंडीत ठेवलेल्या औषधाच्या तुलनेत त्याची ताकद घटली नव्हती. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. किनाऱ्यावरच्या घरात, माजघराच्या फडताळात मे महिन्यातही पारा सहसा त्या पट्ट्यातच राहतो. पत्र्याखालचा माळा, चुलीजवळची फळी आणि होडीचं इंजिन या जागांचं तसं नाही. तेव्हा फ्रिज नसलेल्या रुग्णाला उघडी बाटली सावलीत ठेवू द्या, बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहून द्या, आणि २८ दिवसांनी उरलेलं औषध टाकायला सांगा. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांतच हवा, म्हणून अशा रुग्णाला तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम देऊ नका.

मडक्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण ओल्या वाळूच्या दुहेरी मडक्याचा सल्ला कोरड्या हवेच्या गावांतून आपल्याकडे आला आहे. मडकी इन्सुलिन थंड ठेवतात हे २०१६ मध्ये अभ्यासून छापलं गेलं, पण सगळा खेळ बाष्पीभवनाचा. विदर्भात ४० अंश उष्मा आणि २० टक्के आर्द्रता असताना ओलं मडकं फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपल्याकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ते कितीही चांगलं असलं तरी २९ च्या खाली जाणार नाही. म्हणजे उघड्या बाटलीला ठीक, साठ्याला निरुपयोगी. जुलैत तर मडकं नुसतं ओलं राहतं, थंड होत नाही, पण तेव्हा हवाच पुरेशी उतरलेली असते. ठेवायचीच असेल तर बाटली झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ठेवावी, नाहीतर लेबल सुटतं आणि रबरी बुचावर बुरशी धरते.

लाईट जाण्याचंही तसंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या तौक्तेनंतर किनाऱ्यावरच्या गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी फ्रिज बंद ठेवायचा, आणि आतली न उघडलेली बाटली त्या दिवसापासून उघडी समजून २८ दिवस मोजायचे. गोठली नसेल, तापली नसेल, कण दिसत नसतील तर फेकण्याचं कारण नाही. इन्सुलिन खराब झालं असेल या भीतीने डोसच न घेणं जास्त महाग पडतं. आरोग्य केंद्राच्या फार्मसीतल्या फ्रिजमध्ये एक थर्मामीटर ठेवून दोन वेळा नोंद घ्यावी. लसींच्या आयएलआरमध्ये (लसी साठवायच्या खास फ्रिजमध्ये) इन्सुलिन ठेवण्याचा मोह होतो, पण तो लसींसाठीच राखलेला असतो.

खलाशांची गोष्ट निराळी. आठ-दहा दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरवर ‘थंड जागा’ म्हणजे मासळीचा बर्फ, आणि इन्सुलिन तिथेच जातं. बर्फाला मीठ लागलं की त्याचं तापमान शून्याखाली उतरतं आणि बाटली गोठते. खरं तर एवढ्या दिवसांना बर्फ लागतच नाही. रुंद तोंडाचा कोरडा थर्मास, आत रुमालात गुंडाळलेली बाटली, केबिनमध्ये इंजिनापासून दूर, एवढं पुरतं. रात्री जाळं ओढताना घाम फुटला, हात थरथरले तर तो थकवा की शुगर उतरली, हे तांडेलला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, ओळखता यायला हवं. ग्लुकोजची पाकिटं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत त्याच्या हाताशी हवीत. जून-जुलैत बंदीमुळे ही माणसं किनाऱ्यावर असतात. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, वेंगुर्ला इथे याच दोन महिन्यांत शिबिरं घ्या. होड्या बाहेर पडल्यावर घेतलेल्या शिबिराला बायकामुलंच येतील.

पायांबद्दल, डोळ्यांबद्दल या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. ते विषय स्वतंत्र आहेत आणि निदान फलकांवर तरी आहेत.

आमची मागणी केसपेपरवरच्या चार रकान्यांची आहे: पोट-मांडी हाताने तपासली का, सिरिंजची टोपी कोणत्या रंगाची, बाटली कधी उघडली, रुग्णाने आपल्यासमोर टोचून दाखवलं का. हे चार भरल्याशिवाय डोसचा रकाना भरू नये. पहिल्या भेटीत रांग थोडी लांबेल, हे कबूल. पण शुगर ४०० च्या वर आहे, उलट्या होताहेत किंवा श्वास धापा टाकत चालला आहे, अशा रुग्णाला रकान्यांसाठी थांबवायचं नाही. त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

आणि पुढच्या मागणीपत्रात नुसतं ‘इन्सुलिन सिरिंज’ असं लिहू नये. ‘४० युनिट, लाल टोपी, ६ मिमी सुई’ असं पूर्ण लिहावं, आणि माल आल्यावर खोक्यावरचा आकडा फार्मासिस्टने बाटलीवरच्या आकड्याशी ताडून मगच तो उपकेंद्राकडे सोडावा.

आपले,
कोकणपट्टीतले काही फार्मासिस्ट आणि मधुमेह समुपदेशक